तक्रार क्रमांक तीनशे अठरा

"तीनशे अठरा परत कुणी उघडली?"

हॉलमध्ये शिरल्या शिरल्या मी हे विचारलं. नमस्कार नाही, काही नाही. पाठीवरची सॅकसुद्धा काढली नव्हती. बार्शीहून पहिल्या गाडीनं निघून, साडेपाच तास हाडं खिळखिळी करून घेत मी सांगलीत उतरलो होतो आणि सगळा रस्ता हाच प्रश्न दाढेखाली धरून आलो होतो.

टिळेकर प्रोजेक्टरची वायर लॅपटॉपला जोडत होते. वर न बघता म्हणाले, "मी."

"का?"

"सुटलेली नाही म्हणून."

"मी स्वतः तपासलीय ती. बरोबर चालतंय."

"तक्रार करणाऱ्यानं तसं म्हटलेलं नाही."

"अहो, त्यानं काहीच म्हटलेलं नाही! आठ महिने झाले, एक अक्षर नाही त्याचं. झोपलाय का मेलाय?"

टिळेकरांनी वायर काढली, फुंकर मारली, परत लावली. "बसा, सुरवसे. चहा येतोय."

हा माणूस असाच. तुम्ही भांडण घेऊन जा, तो तुम्हाला चहा देणार.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. 'कंठ' हे पडद्यावरचं मराठी मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. अंध माणसांसाठी केलेलं, फुकट. त्याला मालक नाही. कोड सगळ्यांना उघडा. कुणीही घ्यावा, कुणीही सुधारून पाठवावा. हे 'कुणीही' ऐकायला फार गोड आहे. पाठवलेली सुधारणा आत घ्यायची की परत पाठवायची हे मात्र ज्याच्याकडे चावी तो ठरवतो, आणि चावी एकट्या टिळेकरांकडे होती. ते पुण्यात नोकरी करायचे आणि उरलेल्या वेळात हे बघायचे. आम्ही बाकीचे वीसेक जण जमेल तसं काम करायचो. सगळा फुकटचा कारभार. म्हणून तर भांडणं जास्त.

माझं बार्शीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान. शिक्षण बारावी नापास, तेही दोनदा. कोड लिहायला शिकलो तो एका गिऱ्हाइकानं दुकानात विसरलेल्या पुस्तकातून. त्याची पहिली चाळीस पानं फाटलेली होती. त्यामुळे सुरुवात कशी करतात ते मला आजही येत नाही. मी एकदम मधूनच घुसतो.

कंठमध्येही तसाच घुसलो. सरकारी परिपत्रकांत मधे मधे आडव्या रेघांच्या ओळी असतात ना, तिथं आला की कंठ "रेघ रेघ रेघ रेघ" असं चाळीस वेळा म्हणायचा, अशी एकाची तक्रार होती. ऐकणाऱ्याचं डोकं फिरायची पाळी. मी नियम लिहिला: एकच खूण सलग आली तर एकदाच म्हण. दहा ओळींचं काम. टिळेकरांनी ते अकरा वेळा परत पाठवलं. मोजून अकरा. बदलासोबतचा संदेश इंग्रजीत लिहा. कोडची मांडणी आमच्या पद्धतीनं करा. चाचणी जोडा. चाचणी अपुरी आहे. नाव रोमन लिपीत लिहा.

नावावरून माझं टाळकं सटकलं. सॉफ्टवेअर मराठी वाचणारं, माझं नाव मराठी, आणि ते मी लिहायचं इंग्रजीत? सगळ्यांना दिसेल अशा चर्चेच्या पानावर मी हे लांबलचक पत्र लिहिलं. तुम्हा पुण्याच्या लोकांना मराठी फक्त यंत्राच्या तोंडून ऐकायला आवडतं, माणसाच्या हातची चालत नाही, वगैरे वगैरे. बरंच वाईट लिहिलं. दुसऱ्या दिवशी माझा बदल आत घेतलेला होता आणि नाव होतं तसंच, देवनागरीत: हणमंत सुरवसे. त्या खुशीत मी दिवसभर गिऱ्हाइकांच्या फोनला स्क्रीनगार्ड फुकट लावून दिले.

त्यानंतर मी केलं ते झाडू.

कंठवर तेव्हा चारशे तीस तक्रारी साचल्या होत्या. कुणी बघत नव्हतं. मी एक प्रोग्रॅम लिहिला: तक्रारीवर प्रश्न विचारला आणि तीस दिवसांत तक्रारदाराचं उत्तर आलं नाही, तर तक्रार आपोआप बंद. नाव ठेवलं झाडू. आठ महिन्यांत झाडूनं चारशे बारा तक्रारी साफ केल्या. चर्चेच्या पानावर लोकांनी टाळ्यांची चित्रं टाकली. सांगलीच्या कॉलेजात शिकवणाऱ्या पूर्वा घोरपडे यांनी लिहिलं, सुरवसेंनाच दुसरी चावी द्यायला पाहिजे.

त्यासाठीच मी त्या रविवारी आलो होतो. कंठची वर्षातून एकदा बैठक व्हायची आणि चावीचा निर्णय तिथंच. पद्धत साधी होती. नाव पुकारायचं आणि विचारायचं, कुणाची हरकत? खोलीत जो असेल त्याला बोलायचा हक्क. सभासद वगैरे भानगड नाही. एकाची जरी हरकत आली तरी चावी अडली, आणि हरकत घेणारा स्वतः मागे घेईपर्यंत अडलेलीच.

मला ती चावी पाहिजे होती. का, ते सरळ सांगतो. आयुष्यात मला कुणी कशाची चावी दिली नव्हती. दुकानसुद्धा मेव्हण्याच्या नावावर.

आणि टिळेकरांचं काय चाललं होतं? झाडू तीनशे अठरा नंबरची तक्रार बंद करायचा आणि हा माणूस ती हातानं परत उघडायचा. पुढच्या महिन्यात झाडू बंद करायचा, हे परत उघडायचे. सहा वेळा! खाली एवढंच लिहायचे: 'सुटलेली नाही.' माझ्या कामावर बोट ठेवायचं, दुसरं काय?

तक्रार तरी कसली? कुणीतरी ईमेल पाठवला होता. दोन शब्द. 'आकडे गाळतो.' मी एक लांब नंबर टाकला, बघितला, आणि खाली लिहिलं: 'तपासलं. आकडे बरोबर दिसतायत. कुठला नंबर, कुठली आवृत्ती, सविस्तर कळवा.' आता याच्याहून जास्त काय करायचं असतं?

कॉलेजातल्या त्या हॉलमध्ये आम्ही नऊ जण होतो. चहा आला. पूर्वाबाईंनी खुर्च्या गोल मांडल्या.

"आधी मागच्या वर्षाचा आढावा घेऊ, मग चावीचं," त्या म्हणाल्या.

"आढावा काय, चारशे बारा," मी म्हणालो. "तीनशे अठरा कुणी सोडली असती तर चारशे तेरा."

"सुरवसे, किती धरून बसाल?"

"मी धरलीय का? ह्यांना विचारा कुणी धरलीय ते. टिळेकर, तुम्हाला एवढी काळजी आहे तर तुम्हीच सोडवा की ती."

"दोनदा बसलो," टिळेकर म्हणाले. "मला चूक सापडली नाही."

"नाही सापडली म्हणजे नाहीच आहे."

"असेल. पण माणूस उगीच लिहीत नाही."

"दोन शब्द लिहिलेत त्यानं, दोन! त्याला कुणी माणूस म्हणतं का?"

तेवढ्यात दाराशी काठीचा आवाज आला.

पस्तिशीची बाई होती. पांढरी काठी, खांद्याला कापडी पिशवी, डोळ्यांवर काळा चष्मा नाही. आमच्यातले चौघे एकदम उठले. एकानं तिचा दंड धरला, दुसऱ्यानं पिशवी ओढली, तिसरा खुर्ची घेऊन धावला आणि ती खुर्ची तिच्या नडगीवर आपटली.

"अगं आई गं! धरू नका ओ. खुर्ची कुठं हाय तेवढं सांगा."

"तुमच्या उजव्या हाताला," टिळेकर जागेवरूनच म्हणाले. "दोन पावलं."

ती बसली. काठी घडी करून मांडीवर ठेवली. "कंठवाले तुम्हीच का?"

"हो," पूर्वाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता, आजारी माणसाशी बोलतात तसा. "काय हवं होतं, ताई?"

"वनिता आवटे. तासगावची. बैठकीला कुणीबी आलं तर चालतं असं तुमच्याच पानावर लिहिलंय. तक्रार करायला आलेय. कॉम्प्युटरवर होत नाही, ईमेलनं होत नाही, म्हटलं तोंडी करू."

मी कप खाली ठेवला.

"कसली तक्रार?" मी विचारलं.

"आकडे गाळतो."

टिळेकरांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं.

"तीनशे अठरा तुमची?" मी म्हणालो. "आठ महिने उत्तर का दिलं नाही मग? मी विचारलं होतं सविस्तर."

"विचारलं होतं, ऐकलं मी. उत्तर द्यायला गेलं की तुमचं पान म्हणतं, तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा. खालच्या चित्रांत सिग्नल कुठं कुठं हाय ते ओळखा." तिनं जरा हसून मान हलवली. "आता मी काय ओळखू? घरमालकिणीच्या पोरीला बसवलं एकदा. तिनं ओळखले सिग्नल, तोवर तक्रारच बंद झालेली. परत ईमेल केला तर उत्तर आलं, ही तक्रार आधीच नोंदलेली हाय."

ते उत्तरही झाडूच पाठवायचा. मीच लिहिलेलं होतं. 'आपली तक्रार आधीच नोंदलेली आहे. कृपया पुन्हा पाठवू नये.'

पूर्वाबाईंनी कपाळाला हात लावला. अंधांसाठीच्या सॉफ्टवेअरची तक्रार करायला चित्रं ओळखायची. नऊ डोळसांना आठ महिन्यांत हे सुचलं नव्हतं.

"नेमकं काय होतं, ते सांगा," टिळेकर म्हणाले.

ती सांगू लागली. रक्तदात्यांच्या एका हेल्पलाइनवर ती फोन घ्यायची. दवाखान्यातून नातेवाइकांचा फोन येणार, अमुक गट पाहिजे. ती कॉम्प्युटरवर दाता शोधणार, कंठ तिच्या कानात नंबर वाचणार, ती तो पुढं सांगणार. आधी सगळं नीट होतं. मग नवी आवृत्ती आली आणि लोकांचे उलटे फोन यायला लागले. बाई, नंबर नऊच आकड्यांचा आहे. बाई, आठच आकडे आहेत. बाई, इथं माणूस टेबलावर आहे आणि तुम्ही चेष्टा करताय का?

"मग मी काय करते, बाण दाबून एकेक आकडा वेगळा वाचून घेते. तसं बरोबर वाचतो. पण एका नंबराला मिनीट जातं. पलीकडचा माणूस शिव्या घालतो. साहेब म्हणाले, वनिताबाई, वाईट वाटतंय, पण एक तारखेपासून दिसणारं माणूस बसवतो." तिनं मांडीवरची काठी सरळ केली. "आज पंचवीस हाय."

"पण मी तपासलं होतं," मी म्हणालो.

तिनं चेहरा माझ्या दिशेला वळवला. "तुम्ही तपासलं होतं?"

"हो."

"काय केलं?"

"नंबर टाकला. बघितला. बरोबर होता."

"बघितला?"

मी कप परत उचलला.

"न्हाई, मी आपलं विचारते," ती म्हणाली. "कंठ बघायचा असतो का?"

कुणीतरी फिसकन हसलं. माझे कान तापले. माझ्या दुकानाशेजारी पिठाची गिरणी आहे, दिवसभर घरघर; स्पीकर लावून उपयोग नाही म्हणून मी ते दोन वर्षांपूर्वीच काढून ठेवलेत, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. आवाजाच्या सॉफ्टवेअरवर मी वर्षभर काम करत होतो आणि त्याचा आवाज मी नीट ऐकलेला नव्हता. इतरांकडे बघितलं तर चारपाच जण आपापल्या कपात डोकावत होते. म्हणजे मी एकटा नव्हतो.

टिळेकरांनी लॅपटॉपवर एक नंबर टाकला. शेवट 'चार चार सात शून्य शून्य' असा होता. कंठनं स्वच्छ, ठणठणीत आवाजात वाचलं, "चार सात शून्य."

"हेच," वनिताबाई म्हणाल्या. "जोडीनं आला की एक गिळतो."

मग मात्र मला चेव आला. चूक आहे ना? ठीक आहे. पण चूक कुणाची ते होऊन जाऊ दे.

"आकडे वाचायचा कोड त्या जोगळेकरांचा," मी म्हणालो. जोगळेकर म्हणजे टिळेकरांचे जुने मित्र. कंठ सुरू करून परदेशी निघून गेलेले. "अर्धवट टाकून गेले आणि आम्ही निस्तरतोय. थांबा, सगळ्यांना दाखवतो."

मी लॅपटॉप पुढं ओढला. कोडच्या प्रत्येक ओळीसमोर ती ओळ शेवटची कुणी लिहिली त्याचं नाव दाखवणारी एक कमांड असते. तिचं नावच ब्लेम. दोष देणं. ज्यानं हे नाव ठेवलं त्याला माणसं चांगली कळलेली असणार.

नंबर वाचताना कोड कुठून कुठं जातो ते शोधत शोधत मी चूक होती त्या ओळींपर्यंत पोचलो आणि मोठ्या तोऱ्यात कमांड मारली. प्रोजेक्टर चालू होता. समोरच्या भिंतीवर, हातभर उंचीच्या अक्षरांत, दहा ओळी आल्या. दहाही ओळींसमोर एकच नाव.

हणमंत सुरवसे.

सगळा इंग्रजी मजकूर आणि मधे ते ठसठशीत मराठी नाव. ज्याच्यासाठी मी भांडलो होतो ते. एकच खूण सलग आली तर एकदाच म्हण. मी रेघा डोक्यात धरून लिहिलं होतं. आकडाही खूणच असते, हे त्या दहा ओळींना कुणी सांगितलं नव्हतं.

खुर्चीसुद्धा वाजली नाही.

"सापडलं का?" वनिताबाईंनी विचारलं. "कुणाचं नाव हाय?"

आठ जण भिंतीकडं बघत होते. मी त्यांच्याकडं बघितलं आणि म्हणालो, "कुणीतरी जुना माणूस आहे. आता नसतो."

हे मी का म्हणालो ते मला नऊ वर्षांत धड सांगता आलेलं नाही. तोंडातून गेलं. आणि कुणीही मला खोडलं नाही. पूर्वाबाईंनी नाही, टिळेकरांनीही नाही. आठ चांगली माणसं, स्वतःचा रविवार मोडून अंधांसाठी फुकट काम करायला आलेली, भिंतीवरचं नाव वाचत गप्प बसली.

वनिताबाईंनी हात पुढं करून टेबल चाचपलं. "लॅपटॉप कुठं हाय? हा का? ह्यात कंठ चालू हाय ना?"

त्यांची बोटं कळांवर पोचली. कुठली कळ दाबायची ते त्यांना आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. कंठ इंग्रजी अक्षरांवर अडखळला, खरखरला, आणि मग आमच्या त्याच ठणठणीत आवाजात म्हणाला:

"हणमंत सुरवसे."

त्यांनी बाण खाली दाबला.

"हणमंत सुरवसे."

आणखी एकदा.

"हणमंत सुरवसे."

"तुमच्यातले सुरवसे कोण?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हणालो.

"बरं." त्यांनी कळेवरून बोट काढलं. "नाव नीट वाचतो की ओ. आकडेच तेवढे गिळतो."

यावर हसायला कुणाची हिंमत झाली नाही.

"चूक माझीही आहे," टिळेकर म्हणाले. "अकरा वेळा मी ते परत पाठवलं. चाचणी अपुरी आहे, हे लिहिलं होतं मी. मग यांचं ते पत्र आलं. त्या आठवड्यात कंपनीत मरणाचं काम होतं. बाराव्यांदा मी वाचलंच नाही. कंटाळून आत घेतलं."

मला वाटलं होतं, मी ती लढाई जिंकलो. तर माणूस नुसता दमला होता.

"मग आता दोघं मिळून करा काय ते," वनिताबाई म्हणाल्या. "माझी परतीची गाडी पाच वाजता हाय."

दुरुस्तीला चार मिनिटं लागली. आकडा असेल तर गाळू नको; एक ओळ. मी म्हटलं, झालं. टिळेकर म्हणाले, "चाचणी?" मी दात खाऊन चाचणी लिहिली. त्यांनी परत दिली: तीन सारखे आकडे सलग आले तर? लिहिलं. परत दिली: आकड्यांच्या मधे जागा असली तर? मी म्हणालो, "ओ टिळेकर, ही बाई पाच वाजता जाणार आहे, तुम्हाला कळतंय का?" ते म्हणाले, "कळतंय म्हणूनच." मग बदलासोबतचा संदेश लिहायची वेळ आली, तर म्हणाले, "मराठीत लिहा. त्यांनाही वाचता आला पाहिजे." एवढंच वाक्य त्या माणसानं वर्षापूर्वी बोलायला काय हरकत होती?

शेवटी पूर्वाबाईंनी प्रोजेक्टर बंद केला, लॅपटॉपचा पडदा खाली वळवला, आणि वनिताबाई एकेक नंबर ऐकत गेल्या. ऑफिसातले तीसेक नंबर त्यांना तोंडपाठ होते. आम्ही नऊ जण माना खाली घालून ऐकत होतो. अठ्ठाविसाव्याला त्या म्हणाल्या, "पुरे. आता बरोबर." नवी आवृत्ती पेन ड्राइव्हवर घालून दिली. त्यांनी ती रुमालात बांधून पिशवीत ठेवली.

साडेचार वाजले होते. पूर्वाबाई घसा खाकरून म्हणाल्या, "चावीचं राहिलंय. आज घ्यायचं का?"

"घ्या," मी म्हणालो. एवढं झाल्यावरसुद्धा म्हणालो. चूक दुरुस्त केली होती, दोन तास घासून घेतलं होतं. आता काय राहिलं?

"हणमंत सुरवसे यांना चावी द्यायची," पूर्वाबाईंनी भिंतीकडं बघत पुकारलं. "कुणाची हरकत?"

कुणी बोललं नाही. टिळेकरही नाही.

"चावी म्हंजे?" वनिताबाईंनी विचारलं.

टिळेकरांनी समजावलं. चावी असलेला माणूस कुणाला न विचारता कंठमध्ये बदल करू शकतो. तक्रार उघडू शकतो, बंद करू शकतो.

"आणि खोलीत असेल त्याला बोलता येतं?"

"येतं."

"मग माझी हाय हरकत."

"अहो, दुरुस्त केलं ना!" मी उठून उभा राहिलो. "तुमच्यासमोर केलं! तीसच्या तीस नंबर—"

"अठ्ठावीस," त्या म्हणाल्या. "केलं, त्याबद्दल आभार. चुकीची हरकत न्हाई, सुरवसे. चूक कुणाचीबी होते. पण समोरच्याला दिसत न्हाई म्हटल्यावर तुम्ही काय करता ते मी आज ऐकलं. आणि ही चावी तर कुणी बघत नसताना वापरायची असते, असं हे सांगतायत." त्यांनी काठी उघडली. "बाकीचे पण गप्प बसलेच. पण ते चावी मागत न्हाईत."

मी सॅक उचलली आणि कुणाचा निरोप न घेता निघालो. बार्शीपर्यंत मनातल्या मनात मी त्या बाईला, टिळेकरांना, कंठला, ते पुस्तक दुकानात विसरणाऱ्या गिऱ्हाइकाला, सगळ्यांना शिव्या घातल्या. ठरवलं, संपलं. फुकटचं काम, वर ही शोभा.

मंगळवारी दुकानात फोन आला. "आवटे बोलतेय. काल एकशे बारा फोन घेतले. साहेब म्हणाले, राहू दे तुम्हालाच." मी काही बोलायच्या आत पुढं म्हणाल्या, "आता लिहून घ्या. तारखा उलट्या वाचतो."

"माझा नंबर कुणी दिला?"

"टिळेकरांनी. ते सिग्नलचं चित्र काढेपर्यंत तक्रारीचा फोन म्हणून तुमचा नंबर टाकलाय पानावर. तुम्हाला सांगितलं न्हाई का?"

नव्हतं सांगितलं. त्या माणसाला मी कधी माफ करणार नाही. चित्र पुढं दोन आठवड्यांत काढलं, पण नंबर तसाच राहिला. अमळनेरहून, उदगीरहून, कुडाळहून माणसं फोन करायला लागली. गिऱ्हाइकाचा फोन उघडून टेबलावर, हातात स्क्रू ड्रायव्हर, शेजारी गिरणी, आणि कानाला कुणीतरी: कंठ मधेच थांबतो ओ. मी ओरडून बोलायचो, तेही ओरडून बोलायचे. मी झाडू बंद केला आणि झाडलेल्या चारशे बारा तक्रारी हातानं परत उघडल्या. एकेकाला लिहिलं, जमेल त्याला फोन केला. एकसष्ट तक्रारी खऱ्या निघाल्या, जिवंत. एकसष्ट माणसं गप्प बसली होती आणि मला वाटलं होतं, ती झोपलीत.

स्पीकर परत लावले. गिरणी बंद असेल तेव्हा, दुपारी दोन ते चार, शटर अर्धं ओढून ऐकत बसायचो. टिळेकर माझं काम परत पाठवतच राहिले. तीनदा, पाचदा, एकदा नऊदा. मी शिव्या देत दुरुस्त करायचो.

वनिताबाईंचा फोन आठवड्याला ठरलेला. कधी बरं आहे म्हणून नाही. नेहमी काहीतरी खोट काढायला. हरकतीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. पुढच्या वर्षीच्या बैठकीला त्या आल्या नाहीत, आणि हरकत त्यांनी मागे घेतलेली नव्हती, म्हणून माझं नाव कुणी पुकारलंसुद्धा नाही.

चौदा महिने असे गेले. मग एका दुपारी, एकसष्टातली शेवटची तक्रार मिटून चार दिवस झाले होते, दुकानात गर्दी होती, एक गिऱ्हाईक डोक्यावर उभं राहून ओरडत होतं की सकाळी दिलेला फोन अजून कसा झाला नाही, आणि फोन वाजला.

"आवटे बोलतेय. एक नंबर लिहून घ्या."

"नंतर करा ओ. गिऱ्हाईक आहे."

"एका मिनिटाचं काम हाय. लिहा."

त्यांनी दहा आकडे सांगितले. भराभर, एका दमात, कानात कंठ ऐकत ऐकत. मधे दोन जोड्या होत्या, आणि एका ठिकाणी तर तीन आठ सलग. शेजारी गिरणी घरघरत होती. मी दुसऱ्या कानात बोट घालून फोनच्या खोक्यावर लिहिलं.

"वाचा परत."

मी वाचला. तीनही आठ वाचले.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "टिळेकरांचा नवा नंबर हाय. त्यांना फोन करा आणि सांगा, आवटेबाईंनी हरकत मागं घेतली."

मी काहीतरी बोलणार होतो. फोन बंद झाला होता.

"झालं का तुमचं?" गिऱ्हाईक म्हणालं.

"थांब रे," मी म्हणालो. "ऐकतोय मी."